एकाच जिवाणूचे दोन पत्ते

१

सोमवारी सकाळी निकाल पडद्यावर उमटला आणि परळच्या त्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेतला गलका एकदम थांबला.

तृतीय वर्षाच्या मुलांनी आपापल्या घराजवळून एकेक जिवाणू आणला होता. कुणी मंडईतल्या तराजूवरून, कुणी जिन्याच्या कठड्यावरून, कुणी देवळाबाहेरच्या नळावरून. तो काचेच्या बशीत वाढवायचा, त्यातला डीएनए वेगळा काढायचा आणि तळहातावर मावणाऱ्या एका यंत्राकडून वाचून घ्यायचा, असा अभ्यासक्रमाचा नवा भाग होता. जिवाणूचा सगळा डीएनए म्हणजे त्याचा जीनोम. चारच अक्षरांत लिहिलेली, पण चाळीस लाख अक्षरांची पोथी. सगळ्यांच्या पोथ्या एकमेकींशी ताडून संगणकाने त्यांचा वंशवृक्ष काढला होता.

झाडावर प्रत्येकाची फांदी वेगळी होती. फक्त दोन नावं एकाच टोकाला, एकमेकांना चिकटून बसली होती.

"आकांक्षा परब, लालबाग. घरच्या मालवणी मसाल्यातून," मेघना मॅडमनी वाचलं. "ओनील डिमेलो, गिरगाव. वाडीतल्या आंब्याखालच्या मातीतून." त्या थांबल्या. "चाळीस लाख अक्षरांत फरक फक्त तीन अक्षरांचा."

"जुळे निघाले की रे," मागून वैभव म्हणाला. "जत्रेत हरवले होते वाटतं."

कुणी हसलं नाही. एकाच जातीचे दोन जिवाणू दोन ठिकाणांहून आणले, तर त्यांच्यात हजारो अक्षरांचा फरक असतो, हे मेघना मॅडमनी महिनाभर शिकवलं होतं. तीनच अक्षरांचा फरक म्हणजे एकाने दुसऱ्याच्या बशीतून उचलला.

माना हळूहळू आकांक्षाकडे वळल्या. तिची पहिली बशी बुरशीने गिळली होती. दुसरी तिने आठवड्याने लावली आणि तेव्हा ओनीलची बशी शेजारच्याच फळीवर भरभरून वाढलेली होती. त्या सकाळी किल्ली घेऊन प्रयोगशाळा उघडलीही तिनेच होती.

दुपारपर्यंत विभागप्रमुखांचा निरोप आला. पुढच्या सोमवारी अहवाल हवा. नक्कल सिद्ध झाली तर नाव कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनातून वगळायचं आणि शेरा मारायचा. उन्हाळ्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करायला वर्गातून एकच जण जाणार होता आणि ती जागा आकांक्षाला मिळाली होती. शेरा पडला की ती गेली.

आकांक्षाने दप्तर उचललं, दारापर्यंत गेली, परत येऊन बाकावर बसली.

मेघना मॅडमनी बाहेर जाऊन फोन लावला. "बाई, तुम्ही येता का? मला यातलं काही कळेनासं झालंय."

२

बकुळा तेंडोलकर बाई घोडपदेवहून बसने आल्या. त्यांनी याच प्रयोगशाळेत उभी हयात शिकवलं होतं. मेघना त्यांचीच विद्यार्थिनी. प्रश्न विचारून झाला की उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, ही त्यांची जुनी सवय होती आणि भल्याभल्यांना ती सोसत नसे.

"पहिला संशय यंत्रावर," त्या म्हणाल्या. "सगळे नमुने त्यात एकत्र जातात ना? मग कोणती पोथी कुणाची हे यंत्राला कसं कळतं?"

"प्रत्येक नमुन्याला आधी एक छोटी खूण चिकटवतो आम्ही," वैभव म्हणाला. "परीट कपड्यांवर करतो तशी."

"आणि परीट कोण होता?"

वैभवने डोकं खाजवलं. "मीच, बाई."

"मग खूण चुकून एकाचा सदरा दुसऱ्याकडे गेला असेल."

"बाई, मी दोनदा तपासलं होतं. देवाशप्पथ."

"देवाला नको यात आणू. दोघांच्या बशा अजून फ्रिजमध्ये आहेत ना? त्या आण."

बशा आल्या. दोन्हींमध्ये सारखेच ठिपके होते. कोरडे, पांढुरके, भाजलेल्या पापडासारखे सुरकुतलेले. वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्याही बशीत असं काही नव्हतं.

"बघा," बाई म्हणाल्या, "यंत्रापर्यंत जायच्या आधीपासूनच दोन्हीकडे हाच होता. म्हणजे घोळ खुणेत नाही. घोळ बशीत आहे."

"मी सुटलो?" वैभव म्हणाला.

"सध्या तरी सुटलास. आता पहिल्या दिवसाचे फोटो दाखव."

प्रत्येक बशीचे फोटो संगणकात ठेवलेले होते. नमुना पाण्यात ढवळून पाण्याची नळी चांगली तापवायची, म्हणजे चिवट तेवढे जिवाणू उरतात, मग ते बशीत पसरायचं, अशी रीत होती. माती आणलेल्या इतर मुलांच्या बशांत रंगीबेरंगी बाजार भरला होता. ओनीलच्या बशीत ते सुरकुतलेले ठिपके आणि आणखी एकच जात होती. बाईंनी तो फोटो मोठा करायला सांगितला. कडेला एक तांबडा कण दिसत होता, मोहरीच्या दाण्याहून लहान.

"मेघना, ओनीलची नळी पहिल्यांदा उघडली तेव्हा तू होतीस?"

"होते ना. शिंकून शिंकून बेजार झाले होते. धूळ गेली असेल नाकात."

"असेल," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

३

आकांक्षा जिन्यात बसली होती. बाई तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"तू घेतलास का त्याच्या बशीतून?"

आकांक्षाने चमकून वर पाहिलं. "नाही."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे आता पुढे जाऊ. तुझ्या घरी मसाला शिल्लक आहे का?"

परबांची खोली लालबागेत, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. आकांक्षाची आजी, शेवंतीबाई, दारातच उभी होती. तिला सगळं कळलेलं होतं.

"माझ्या नातीन चोरी केल्यान असा कोण म्हणता?" तिने विचारलं. "तुमी म्हणतास?"

"मी नाही. मी मसाला बघायला आले."

"मगे आत येवा. च्याय घेतलास?"

फळीवर दोन बरण्या होत्या. एक वापरातली. दुसरीचं तोंड फडक्याने बांधून वर दोरी आवळलेली. ती मे महिन्यात बांधली तेव्हापासून उघडली नव्हती. बाईंनी दुसरीच मागितली.

"हाँ, ती कशाक?" शेवंतीबाई म्हणाली. "पयली संपली काय ती काढतलंय."

"आजी, सोड ना," आकांक्षा म्हणाली.

"सोडतंय गो. पण मसाल्याचो वास गेलो तर तुझ्या बाईंका दुसरो करून दिवक लागतलो." असं म्हणत तिने स्वतःच दोरी सोडली.

बाईंनी स्वच्छ चमच्याने चिमूटभर मसाला नव्या नळीत घेतला, झाकण लावलं आणि वर स्वतः सही केली. "कुठे कांडता मसाला?"

"हयच. राजेशच्या डंकार. मे म्हयन्यात माका तीन दीस रांगेत उभा ऱ्हवचा लागता. मिरच्यो भाजतंय मी, पण कांडूचो डंकारच. लोकांका दम नाय, पुढे घुसतंत." डंक म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी उखळ-मुसळं.

बुधवारी नव्या बशीत तेच सुरकुतलेले पापड वाढले. यंत्राने ते वाचले. पोथी तीच.

"म्हणजे आकांक्षा खरं बोलत होती," मेघना मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मग ओनीलने तिचा घेतला?"

"कधी घेतला?" बाईंनी विचारलं. "ओनीलची बशी वाढली तेव्हा आकांक्षाच्या पहिल्या बशीत बुरशीशिवाय काही नव्हतं. दुसरी तर लावलीच नव्हती. नसलेल्या बशीतून तो काय उचलणार?"

मेघना मॅडम खुर्चीत बसल्या. चोरी आकांक्षाने केली नव्हती, ओनीलला करता येणं शक्य नव्हतं, आणि तरी माल दोघांकडे सापडला होता.

४

ओनील उंच, लाजरा मुलगा होता. बाईंनी त्याला कॅन्टीनमध्ये समोर बसवलं आणि दोन वडे मागवले.

"आंब्याखालची माती ओली होती की कोरडी?"

"कोरडी, टीचर."

"खणलीस कशाने?"

"चमच्याने."

"मुंग्या होत्या?"

"होत्या. नाही, नव्हत्या."

"ओनील, मी तुमच्या वाडीत गेल्या नाताळात आले होते, येशूजन्माचे गोठे बघायला. त्या आंब्याभोवती पार आहे आणि पारावर फरशी बसवलेली आहे. बुंध्याला चिकटून. माती कुठून काढलीस?"

ओनीलने वडा खाली ठेवला. बाई गप्प बसल्या. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस साजरा होऊन गेला, तरी त्या गप्पच होत्या.

"मातीत शेकडो जातींचे जिवाणू असतात," शेवटी त्याच म्हणाल्या. "तुझ्या बशीत दोन होते. कडेला एक तांबडा कण होता. आणि तुझी नळी उघडली तेव्हा तुझ्या मॅडम शिंकत सुटल्या. कोणती माती शिंका आणते, सांग बघू?"

ओनीलचे कान लाल झाले. "बॉटल मसाला, टीचर. ग्रॅनीचा."

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

"ग्रॅनीने लहानपणी बायबलवर हात ठेवायला लावला होता. आमचा मसाला घराबाहेर जात नाही. त्यात काय काय किती, ते फक्त तिला आणि माझ्या आईला माहीत. मी गुपचूप चिमूटभर आणला. मग मॅडम म्हणाल्या, यंत्र सगळं वाचतं. मला वाटलं, सगळ्या वर्गासमोर पडद्यावर येईल. मिरची इतकी, धणे इतके, नागकेशर इतकं."

बाई इतक्या हसल्या की कॅन्टीनवाला बघायला लागला. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. "बाळा, आपण बशीत वाढलेला जिवाणू वाचतो. मसाला नाही वाचत. तुझी ग्रॅनी सुरक्षित आहे."

"मी आकांक्षाला सांगणार होतो. पण ती बोलतच नाही माझ्याशी."

"तू तिच्या जागी असतास तर बोलला असतास? आता हे सांग. लालबागेशी तुमचा काय संबंध?"

"काहीच नाही. ग्रॅनीचा मसाला घरीच कांडतात. अंगणात, लाकडी उखळीत. बायका येतात कांडायला."

"तू पाहिलंयस?"

"लहान असताना. आता मेमध्ये मी मामाकडे वसईला असतो, आई दिवसभर ऑफिसात."

"आणि ग्रॅनी?"

"ती घरीच. फक्त बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते. एरवी आमच्याच चर्चमध्ये जाते, पण मेमध्ये माहीमला. मोठ्या पिशव्या घेऊन. दानाचे कपडे असतात म्हणते. आई सांगते, परत आली की शिंकतच असते. मेणबत्त्यांच्या धुराचा त्रास होतो तिला."

"होणारच," बाई म्हणाल्या. "वडा खा. गार होतोय."

५

गुरुवारी बाईंनी वर्ग घेतला. फळ्यावर त्यांनी एक मोठं अंडं काढलं आणि आत एक झोपलेला चेहरा.

"मसाल्यात पाणी नाही. वर तिखट. तिथे जिवाणू जगतो कसा?"

"झोपून," कुणीतरी म्हणालं.

"शाब्बास. स्वतःभोवती टणक कवच करून तो झोपतो. त्याला बीजाणू म्हणतात. तुम्ही नळी तापवलीत तरी तो मरत नाही. आता विचार करा. जागा जिवाणू वाढतो, वाढताना स्वतःची पोथी नकलून काढतो आणि नक्कल करताना अधूनमधून चुकतो. म्हणून वर्षं गेली की अक्षरं बदलत जातात. झोपलेला काय करतो?"

बाई बोटांत खडू फिरवत थांबल्या. शेवटी मागच्या बाकावरून आकांक्षाचा आवाज आला. सोमवारनंतर ती वर्गात पहिल्यांदाच बोलत होती.

"झोपलेला नक्कलच करत नाही. म्हणून चुकाही नाहीत. ज्या पोथीनिशी झोपला, तीच घेऊन उठतो."

"मग दोन घरांत एकच पोथी सापडली, याचा अर्थ?"

"दोघं आधी एकाच ठिकाणी होते. तिथून झोपेतच वेगवेगळ्या घरी गेले. आणि तीन अक्षरं बदलली ती इथे, आमच्या बशांत वाढताना."

बाईंनी खडू तिच्या हातात दिला. "ये, इथे उभी राहा. पुढचं तू शिकव."

"पण बाई," वैभव म्हणाला, "कदाचित सगळ्या मुंबईच्या मसाल्यांत हाच असेल. मग एकत्र यायची गरजच काय?"

"फार चांगली शंका. आकांक्षा, ही शंका कशी फेडशील?"

आकांक्षाने क्षणभर विचार केला. "तिसरा मसाला आणून."

वैभवने अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून, आपल्या आईचा कांदा-लसूण मसाला आणला. सोबत बाईंनी स्वतःचा गोडा मसाला दिला. दोन्हींतून त्याच जातीचे जिवाणू निघाले. पण शनिवारी पोथ्या ताडल्या तेव्हा आकांक्षाच्या आणि वैभवच्या जिवाणूत हजारो अक्षरांचा फरक होता. बाईंच्या जिवाणूत त्याहून जास्त.

"चुलत भाऊ," वैभव म्हणाला. "लग्नात भेटणारे."

झाडावर ती दोन नावं अजूनही एकाच टोकाला होती. मेघना मॅडमनी पडद्यावरच्या त्या टोकावर बोट ठेवलं. "लालबागेतला डंकावरचा मसाला, आणि गिरगावातला कधीही घराबाहेर न गेलेला मसाला. बाई, हे भेटले कुठे?"

बाईंनी पर्स उचलली. "ओनील, तुझी ग्रॅनी उद्या चर्चहून आल्यावर घरी असेल ना? आकांक्षा, तूही चल."

६

नॉर्मा डिमेलोंचं घर लाकडी जिन्याचं होतं. ओट्यावर बियरच्या तपकिरी बाटल्या धुऊन उन्हात उलट्या घातल्या होत्या. त्या दारूला शिवत नसत. पण मसाला उजेडात राहिला तर रंग उडतो, म्हणून तो अशाच बाटल्यांत ठासून भरायचा, ही त्यांच्या लोकांची पद्धत. सगळी वाडी त्यांच्यासाठी बाटल्या जमवायची.

"माझ्या मसाल्यातलं काय काय वाचलंत?" त्यांनी बाईंना बसायच्या आधीच विचारलं. ओनील भिंतीला चिकटून उभा होता. आदल्या रात्री त्याची चांगलीच हजेरी घेतलेली दिसत होती.

"एक जिवाणू वाचला. गहू किती, हरभरा किती, ते यंत्राला विचारलंसुद्धा नाही."

"गहू आहे हे कोणी सांगितलं?"

"बॉटल मसाल्यात असतोच, नॉर्माबाई. घोडपदेवला माझ्या शेजारी तुमचीच माणसं राहायची."

नॉर्माबाईंनी नाक फेंदारलं, पण खुर्ची पुढे सरकवली.

बाईंनी सगळं सावकाश सांगितलं. दोन घरांतली एकच पोथी, झोपलेले बीजाणू, तिसरा मसाला, चौथा मसाला. "आता मला एकच उत्तर सुचतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही मसाले एकाच उखळीत कांडले गेले. परबांचा डंक लालबागेत आहे आणि तो कुठे गेलेला नाही. म्हणजे तुमचा मसाला तिथे गेला. मे महिन्यात, बुधवारी, मोठ्या पिशव्यांतून. आणि तुम्ही शिंकत परत आलात."

ओनीलचं तोंड उघडंच राहिलं. "ग्रॅनी, नोव्हेना?"

"नोव्हेनाही करते," नॉर्माबाई म्हणाल्या. "टॅक्सीत करते."

मग त्या खुर्चीत टेकल्या.

"कांडणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या सुना ऑफिसात जातात. एक वर्ष मी स्वतः कांडला, खांदा गेला. मग काय करणार? पण तोंडाने घाण करून ठेवली होती ना मी. ती समोरची पर्ल. तिने आधीच डंकावरून आणला होता. मी सगळ्या वाडीसमोर म्हणाले, पर्ल, तुझ्या मसाल्याला लोखंडाचा वास येतो. आता कुठल्या तोंडाने सांगू?" त्यांचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे गेलं. "ही कोण?"

"ही आकांक्षा. हिने ओनीलच्या बशीतून चोरी केली असं म्हणतात. उद्या तिच्या नावावर शेरा पडेल."

"तू काय म्हणतेस, पोरी?"

आकांक्षाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आजी, तुमचं नाव न घालता लिहायचं म्हटलं तर 'गिरगावातलं एक घर' असं लिहू. पण हेड सर विचारणार, कुठलं घर, कुठला डंक, पुरावा काय. त्यापुढे मला काही सांगता येणार नाही. तुम्हाला अडचण होत असेल तर राहू दे."

नॉर्माबाई उठल्या. त्या गॅलरीत गेल्या आणि कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"पर्ल," त्यांनी हाक मारली. रविवारची दुपार होती. चार खिडक्या उघडल्या. "पर्ल, ऐक. लोखंडाचा वास येत नाही. मी उगाच बोलले. मीपण लालबागेतच, राजेशच्या डंकावर कांडते."

समोरच्या खिडकीत पर्ल आंटी आल्या. त्यांच्या हातात मासे साफ करायची सुरी होती.

"ठाऊक आहे मला, नॉर्मा," त्या म्हणाल्या. "तू मिरच्यांची पिशवी घेऊन रांगेत उभी होतीस, मी टॅक्सीतून बघितलं. मला वाटलं, सांगेल आपणहून कधीतरी."

"कधी बघितलंस?"

"चार मे झाले."

वाडीत कुठेतरी कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळीकडूनच हसू आलं. नॉर्माबाई आत आल्या तेव्हा त्याही हसत होत्या आणि त्यांचे डोळे ओले होते.

"लिहा," त्या म्हणाल्या. "नाव, पत्ता, सगळं लिहा. फक्त नागकेशराचं लिहू नका."

७

त्याच संध्याकाळी सगळे लालबागेत पोचले. होळी जवळ आली होती. दुकानांपुढे मिरच्यांची पोती उतरली होती, त्यामुळे अख्ख्या गल्लीला ठसका लागला होता.

राजेश डंकवाला घाबरला. "मॅडम, माझ्या मसाल्यात जंतू म्हणजे? धंदा बसेल माझा."

"हा जंतू निरुपद्रवी आहे," बाईंनी समजावलं. "तो मातीत असतो, धान्यात असतो, तुमच्या-आमच्या अंगावर असतो. आम्हाला फक्त त्याचा पत्ता हवाय."

आकांक्षाने स्वतः वाकून उखळीच्या आतल्या लोखंडी कडीखालून कापसाचा बोळा फिरवला. बाहेर आला तेव्हा तो केशरी झाला होता. तेवढ्यात शेवंतीबाई चाळीतून उतरून आली, नॉर्माबाईंना बघून थबकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हीच ती. लाल पिशवीवाली. गेल्या साली माझो नंबर हिनाच घेतल्यान."

"तुमचा नंबर?" नॉर्माबाई म्हणाल्या. "तुम्ही चहा प्यायला गेला होतात. पिशवी ठेवून नंबर लागत नाही."

"माझ्या पिशवीक सगळी लालबाग वळाखता."

"मला काय माहीत, मी गिरगावची."

"थांबा," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुम्ही दोघी एकापाठोपाठ होतात?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "होय," शेवंतीबाई म्हणाली. "ही फुडे, मी मागे. आणि हिचा होयसर माजी मिरची थंड झाली."

मेघना मॅडमनी कपाळाला हात लावला. साऱ्या शास्त्राने आठवडाभर शोधलं ते एका भांडणाने पुरं झालं होतं. तरी बोळा प्रयोगशाळेत गेलाच. "भांडण ही साक्ष," बाई म्हणाल्या, "पण पुरावा वेगळा लागतो." सोमवारी सकाळी बशीत सुरकुतलेले ठिपके उभे राहिले होते. यंत्र वाचायला बसलं. विभागप्रमुखांनी निकालासाठी एक दिवस थांबायचं कबूल केलं.

मंगळवारी झाड पुन्हा पडद्यावर आलं. आता त्या टोकाला तीन नावं होती. परबांची बरणी, डिमेलोंची बाटली, आणि दोघांच्या मध्ये राजेशचा डंक.

मेघना मॅडमनी अहवाल वर्गातच वाचून दाखवला. नक्कल नाही. चोरी नाही. नमुना क्रमांक बाराचा पत्ता चुकीचा दिल्याबद्दल ओनील डिमेलो याने वर्ष संपायच्या आत पहिल्या वर्षाच्या मुलांना नळीवर पत्ता कसा लिहावा हे शिकवावं. ओनीलने मान डोलावली. मग मॅडमनी कागद बाजूला ठेवला.

"आकांक्षा, पहिल्या दिवशी मी झाडाकडे बघितलं, तारखांकडे बघितलं, बशांकडे बघितलं. तुला मात्र काही विचारलं नाही. माझं चुकलं."

"ठीक आहे, मॅडम," आकांक्षा म्हणाली. तिने अहवालाचा कागद उचलून स्वतः पुन्हा एकदा वाचला.

प्रदर्शनाला पुण्याहून परीक्षक आले. आकांक्षा आणि ओनील एकाच फलकापुढे उभे होते. मागे पहिल्या रांगेत दोन म्हाताऱ्या चिवड्याची पुडी मध्ये ठेवून बसल्या होत्या. तेंडोलकर बाई मुद्दाम लांब, खिडकीपाशी उभ्या राहिल्या. परीक्षकांनी चष्मा वर केला, एकमेकांना चिकटलेल्या नावांवर बोट ठेवलं आणि कडक आवाजात म्हणाले, "हे दोन तर एकच आहेत. तुमच्यातलं कुणी कुणाचं उचललं?"

ओनीलने आकांक्षाकडे पाहिलं. ती हसली.

"बरं झालं विचारलंत, सर," ती म्हणाली, आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.